प्रेरणेचा शुक्रवार

बोडिलच्या कचेरीत महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी न्याहारीला तीन गोष्टी असत: बन, लोणी आणि प्रेरणा. बन कोपऱ्यावरच्या बेकरीतून येत. लोणी दातांचे ठसे उमटतील इतकं जाड लावायचं असे. आणि प्रेरणा, ज्याचं काम नुकतंच हातावेगळं झालं असेल त्याने आणायची. एखाद्या दुग्धालयाचं किंवा दंतवैद्याचं नवं बोधचिन्ह केलं, की ते आपल्याला सुचलं कसं हे उभं राहून सांगायचं. मग बोडिल ते वेबसाइटवर ‘नवी कामं आणि त्यांच्या प्रेरणा’ या पानावर चढवी. त्या पानावर कुणाचंही नाव नसे. ‘आम्ही केलं’ एवढंच. डेन्मार्कमधल्या ऑर्हुसमध्ये स्वतःचं नाव पुढे करणं हे भर पंगतीत ढेकर देण्यासारखं समजतात.

एस्बेन थोरुपचा या पद्धतीला पूर्ण पाठिंबा होता. सिसेल कचेरीत येईपर्यंत.

सिसेल वीस वर्षांनी लहान. तिची कामं वाईट असती तर एस्बेनने तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया केली असती. पण ती चांगली असत, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या प्रेरणा आणखी चांगल्या असत. मेणबत्तीवाल्याचं चिन्ह तिला आजोबांच्या चष्म्यावरून सुचलं. सायकलच्या दुकानाचं, धुक्यातल्या बगळ्यावरून. ती बोलायला लागली की हिशेब बघणारा पोलसुद्धा चावायचा थांबे. एस्बेन बोलत असताना पोल दुसरा बन घ्यायला उठे.

वास्तविक प्रेरणा कशी येते हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. आधी लग्न लागतं आणि मग पत्रिका जुळवतात. एस्बेनच्या स्वतःच्या एका नावाजलेल्या चिन्हामागे ‘वायकिंग ढालींचा अभ्यास’ होता. खरं म्हणजे ती न्हाणीघरातली मोरीची जाळी होती. पण आपलं खोटं हा धंद्याचा भाग असतो आणि दुसऱ्याचं खोटं हे खोटं असतं, इतपत न्यायबुद्धी एस्बेनकडे होती.

या शुक्रवारी बोडिलने बन कापता कापता सांगितलं, “उन्हाळ्यानंतर मी आठवड्यातून दोनच दिवस येणार. कलाविभाग कुणीतरी सांभाळायला हवा. स्कार्वोच्या बोटीचं काम तुम्ही दोघं वेगवेगळं करताय ना? बेटावरचे लोक ज्याचं घेतील, त्याने सांभाळावा. म्हणजे मला कुणाला वाईट म्हणायला नको.”

“छान कल्पना,” एस्बेन म्हणाला. त्याच्या हातातला सुरा लोण्यात खोल रुतला.

“आणि एस्बेन, तुझा कप. परत माझ्या टेबलावर डाग पडलाय. खालून टवका उडालेला कप कशाला वापरतोस?”

“सवय आहे.”

“मग खाली बशी ठेवायची पण सवय लाव.”

स्कार्वो हे चार वस्त्यांचं बेट. त्याची बोट बेटवाल्यांच्याच सहकारी संस्थेची. जुनीच्या जागी आता नवी घेतली होती आणि तिच्या धुराड्यावर रंगवायला चिन्ह हवं होतं. एस्बेनने बोटीच्या नाकाचा कोन मोजला, पाणकावळ्याच्या पंखाचा मोजला, दोन्ही जुळवले, आणि असा पक्षी काढला की त्याची एकही रेघ हलवता आली नसती. त्याला आपला पक्षी फार आवडला. मग त्याने सिसेलचं काम पाहिलं.

जाड काळं वर्तुळ. हाताने ओढल्यासारखं, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ, आणि खाली एका जागी तुटलेलं. बस. एस्बेनने ते पुन्हा पाहिलं. वाईट काम तो कधी दुसऱ्यांदा पाहत नसे.

“हे काय आहे?” त्याने विचारलं.

“सीलचं भोक,” सिसेल म्हणाली. “हिवाळ्यात बर्फाखालून सील श्वास घ्यायला वर येतो ना, तेव्हा तो बर्फात जे भोक ठेवतो ते. बेटाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच जागा. म्हणजेच बोट.”

“वा!” पोल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

एस्बेनने मात्र मंगळवारी पाहिलं होतं. सिसेल छपाईच्या खोलीत उभी होती. तिथे कुणाचा तरी कप कोऱ्या कागदावर राहिला होता. तिने तो उचलला, खाली उमटलेल्या कॉफीच्या डागाकडे डोकं वाकडं करून बराच वेळ पाहिलं, आणि कागद स्कॅनरमध्ये घातला. सील म्हणे! हे ऐकल्यापासून एस्बेनला झोपेतसुद्धा सील दिसू लागले. ते सगळे सिसेलच्या बाजूने टाळ्या वाजवत होते.

बेटवाल्यांनी बैठक जुन्या बोटीवरच ठेवली. अर्धी समिती बेटावर राही, अर्धी किनाऱ्यावर, त्यामुळे बोट जाता-येता सभा उरकायची त्यांची जुनी रीत होती. उपाहारगृहातल्या जमिनीला ठोकलेल्या टेबलाभोवती समितीचे पाच जण आणि कचेरीतले तिघे बसले, मध्ये कॉफीचा थर्मास. अध्यक्ष रेग्नार पूर्वी याच फेरीचा कप्तान होता. त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव होता आणि तो काटकसरीने वापरी.

एस्बेनने आधी पक्षी दाखवला. कोन सांगितले.

“छान,” रेग्नार म्हणाला. “फारच छान.”

“सुरेख,” खजिनदार बाई म्हणाल्या.

पक्षी बुडाला, हे एस्बेनला कळलं. बेटावरची माणसं मनापासून आवडलेल्या गोष्टीला ‘हे काही वाईट नाही’ म्हणतात. त्यापलीकडे त्यांच्याकडे शब्द नाही. ‘फारच छान’ ते पाहुण्यांच्या कुत्र्याला म्हणतात.

मग सिसेल उठली. वर्तुळ टेबलावर ठेवलं आणि सील सांगितला. तिचा आवाज नेमक्या जागी हलका झाला. बोडिलने खिडकीबाहेर पाहून डोळे टिपले.

रेग्नारने वर्तुळ उचलून पाहिलं.

“आमच्याकडे समुद्र गोठत नाही, पोरी,” तो म्हणाला. “प्रवाह जोराचा आहे. आमचा सील श्वास घेतो तो नुसतं डोकं वर काढून.”

“म्हणजे, तशी कल्पना...”

“भोक लागतं कशाला त्याला?”

“सगळीकडे तर पाणीच आहे,” खजिनदार बाईंनी भर घातली.

सिसेलचे कान लाल झाले. समितीचे लोक कॉफी ओतून घेऊ लागले. कुणीतरी पक्ष्याचा कागद पुन्हा जवळ ओढला आणि म्हणालं, “हा निदान आमच्याकडे असतो तरी.” रेग्नारने मान डोलावली. बोडिलने एस्बेनकडे पाहिलं, आणि त्या नजरेत कलाविभाग होता, कोपऱ्यातली खोली होती, बंदराकडची खिडकी होती.

आता एस्बेनने फक्त गप्प बसायचं होतं. एखादा दगडही ते काम नीट करू शकला असता.

पण ती हरतेय ती सीलच्या चुकीमुळे, हे त्याला सहन होईना. म्हणजे उद्या कचेरीत सगळे काय म्हणणार? ‘बिचारी! कल्पना किती सुंदर होती, त्या बेटवाल्यांनाच कळली नाही.’ पोल तिच्यासाठी केक आणणार. आणि त्या डोळे टिपणाऱ्या बोडिलला शेवटपर्यंत कळणार नाही की तिथे सील नव्हताच.

“खरं सांगून टाक ना, सिसेल,” तो म्हणाला.

“काय?”

“सील-बिल काही नाही, लोकहो. हा कॉफीच्या कपाचा डाग आहे. कुणीतरी उष्टा कप कागदावर ठेवला, आणि हिने तो डाग उचलून तुमच्या पुढ्यात ठेवला. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

बोडिलने डोळे मिटले. सिसेल टेबलाकडे बघत म्हणाली, “हो. खरं आहे. कपाचा डाग म्हटलं तर तुम्हाला अपमान वाटेल असं वाटलं.”

त्याच वेळी बोट बेटावरच्या बंदराच्या तोंडाशी वळली. टेबलावरचे सगळे कप, कुणी हात न लावता, अर्धा इंच सरकले. रेग्नारने आपला कप उचलला. खाली ओलं वर्तुळ होतं, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ. त्याने सिसेलचा कागद शेजारी आणला. खजिनदार बाईंनी आपला कप उचलला. मग तिसऱ्याने. टेबलावर पाच वर्तुळं झाली.

“चाळीस वर्षं मी हे टेबल पुसलंय,” बोटीवरचं उपाहारगृह चालवणाऱ्या खजिनदार बाई म्हणाल्या.

“आमच्या बोटीवर कप सरकला की समजायचं, घर आलं,” रेग्नार म्हणाला. त्याने कागद हाताभर लांब धरला. “हे काही वाईट नाही.”

“नाहीच मुळी,” दुसरा म्हणाला.

एस्बेनने पक्ष्याचा कागद हळूच उलटा केला.

“पण हे खाली तुटलेलं का?” रेग्नारने विचारलं. “आमचे कप तर अखंड आहेत.”

“त्या कपाचा टवका उडालाय,” सिसेल म्हणाली. “एस्बेनचाच आहे तो. जिथे तिथे ठेवून जातो.”

रेग्नारने वळून एस्बेनकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “मग राहू दे ते तुटलेलं,” तो म्हणाला. “बंदराचं तोंड वाटतं.”

पुढच्या प्रेरणेच्या शुक्रवारी सिसेलला फार बोलावं लागलं नाही. एस्बेनने बन खाल्ला आणि जेवढ्या वेळा सभ्यपणाला पुरेल तेवढ्या वेळा मान डोलावली. बोडिलने पान तयार करून भिंतीवर दाखवलं: धुराड्यावर काळं वर्तुळ, खाली निळं पाणी, आणि ओळ, ‘काम: आम्ही केलं. प्रेरणा: एस्बेनचा कप.’ त्या पानावर आजवर आलेलं हे एकमेव नाव.

“नाव काढ,” एस्बेन म्हणाला. “आपल्या रीतीत बसत नाही.”

“कपाचं आहे ते,” सिसेल म्हणाली. “आणि विभागप्रमुख म्हणून माझी हरकत नाही.”

पोल हसता हसता बनाचे तुकडे उडवू लागला.

त्या आठवड्यात भांडी घासायची पाळी एस्बेनची होती. सगळे आपापल्या टेबलांकडे गेल्यावर त्याने नळाखाली आपला कप धरला, मग थांबला. तळाशी दोन थेंब कॉफी होती. त्याने ती बुडाला लावली, कप एका कोऱ्या कागदावर दाबला, आणि उचलला. डोकं वाकडं करून बघत राहिला.

“हे काही वाईट नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने कागद थोडा फिरवला. तुटलेली जागा जरा डावीकडे घ्यायला हवी होती. त्याने काढलं असतं तर डावीकडेच घेतली असती.