पालखी कुठवर आली?

मी एक जुना संगणक आहे, आणि या घडीला माझ्या डोक्यावर मानसीचं ओलं टोपडं वाळत पडलं आहे. हसू नका, मित्रांनो. मी चालू असलो की माझ्या पाठीतून ऊन ऊन वारा येतो, हे मानसीच्या आईला फार पूर्वीच कळलं आहे. मोठमोठे हिशेब करणाऱ्या यंत्राने म्हातारपणी बाळाची टोपडी वाळवावीत, यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही.

माझी जुळणी महाडच्या बाजारपेठेतली. पडदा एकीकडून आला, कळफलक दुसरीकडून, आणि पोट पत्र्याचं. तिथून मी कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे गेलो. महाडची माणसं सावित्री नदीच्या पुराला ओळखून असतात, मोलाची वस्तू जमिनीलगत ठेवत नाहीत. वकिलांनीही मला पोटमाळ्यावर बसवलं. त्यांचे कारकून पांडूभाऊ रोज शिडी चढून माझ्याकडे येत आणि एका बोटाने दावे टाइप करत. मला वाटायचं, मी कुणी देव आहे आणि हे माझे पुजारी.

पुढे वकिलांकडे नवा संगणक आला आणि पांडूभाऊंनी मला घरी नेलं. तिथे मला त्यांची लेक भेटली, अक्षदा. कॉलेजात शिकलेलं ती घरी येऊन माझ्यावर गिरवायची. पायथन नावाची संगणकाची भाषा ती माझ्याच समोर बसून शिकली. तिच्या चुका मी दाखवायचो, ती कपाळाला हात लावायची, मग आम्ही दोघं पुन्हा सुरुवात करायचो. तिचं लग्न झालं तेव्हा कपाट, गाद्या आणि हंडे यांच्या मधोमध बसून मीही टेम्पोतून पोलादपूर ओलांडलं आणि डोंगरावरच्या वाडीत आलो. वरात बघायला आलेल्या बाया म्हणाल्या, पोरीने माहेरून टीव्ही आणला, पण त्यात मालिका लागत नाय.

आमच्या गावाच्या तीन वाड्या. खालची, मधली आणि वरची. अक्षदाचं सासर वरच्या वाडीत. इथली निम्मी घरं मुंबईला नोकरीला. वर्षभर कड्या लागलेल्या असतात, पण शिमग्याला झाडून सगळे येतात, कारण शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरते. देवळात जाऊन देवीला भेटणं वेगळं आणि देवी आपल्या दारात येणं वेगळं. पालखी आली की दार उघडं हवं, अंगणात घरचं माणूस हवं. दाराला कुलूप असेल तर पालखी घटकाभर थांबते, ढोल वाजतो, आणि ती पुढच्या घरी जाते. एकदा पुढे गेलेली पालखी मागे फिरत नाही.

आता ही पालखी काही घड्याळ लावून चालत नाही. एखाद्या अंगणात पोरं तिला खांद्यावर नाचवत बसतात, एखाद्या घरी उभ्या उभ्या सरबत पिऊन निघतात. त्यामुळे त्या दिवशी मुंबईहून निघालेला, महाडच्या डेपोत अडकलेला, दासगावला सासुरवाडीत जेवायला बसलेला, प्रत्येक जण एकच विचारतो, पालखी कुठवर आली?

अक्षदाने त्याची सोय केली. तिचा धाकटा दीर ओंकार मुंबईत एका कंपनीत प्रोग्रामर आहे, शिमग्याला पालखीला खांदा देतो. पालखी एखाद्या घरून निघाली की त्याने फोनवरून त्या घराचं नाव मला कळवायचं. मग कुणीही फोनवर विचारलं की मी सांगायचो, पालखी अमक्याच्या घरी आहे, तुमच्या आधी एवढी घरं बाकी आहेत. पहिल्या वर्षी काय कौतुक झालं माझं! लोक खिडकीतून मला बघायला आले. कुणीतरी माझ्या पडद्यालाच गुलाल फासला.

पण गेल्या वर्षीच्या शिमग्याची गोष्ट वेगळी झाली.

आमच्या शेजारी बनुबाई राहतात. एकट्याच. मुलगा रितेश मुंबईला. त्याला बरीच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा बनुबाईंनी देवीला नवस केला होता, की नातवंड झालं तर माझ्या दारात, माझ्या हाताने तुझ्या पालखीखालून काढीन. आणि नात झाली. गेल्या वर्षी रितेश बायको-मुलीला घेऊन निघाला, वाटेत दासगावला बायकोच्या माहेरी थांबला आणि तिथून त्याने मला विचारलं. मी सांगितलं, पालखी खालच्या वाडीत आहे. ते तेव्हा खरं होतं. त्यानंतर मुंबईची सगळी मंडळी एकदम मला विचारायला लागली, माझा जीव कासावीस झाला, आणि त्यातच वाडीची वीज गेली. मी गप्प पडलो.

रितेशच्या फोनवर मात्र माझं शेवटचं उत्तर तसंच राहिलं. खालच्या वाडीत. ते सगळे निवांत जेवले. बनुबाईंना त्याने फोन करून सांगितलं, अजून वेळ आहे, तू रस्त्यावर ये बाळाला घ्यायला. त्या दाराला कुलूप लावून खाली रस्त्याच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. ढोलाचा आवाज वर सरकत होता. पूर्वी त्यांनी तेवढ्यावरून ओळखलं असतं. पण फोन सांगत होता ना, खालची वाडी म्हणून! वाडीतल्या सगळ्यांनीच त्या वर्षी ढोलाकडे कान द्यायचं सोडून दिलं होतं.

पालखी पायवाटेने वर आली, कुलपासमोर थांबली आणि पुढे गेली. शेजारधर्म म्हणून अक्षदाने ओटी भरली, पण नवस काही शेजाऱ्याने फेडता येत नाही. बनुबाई नातीला कडेवर घेऊन चढून आल्या तेव्हा त्यांच्या उंबऱ्यावर नुसता गुलाल पडला होता.

“देवी माझ्या दारात, नि मी वाटंवर,” एवढंच त्या म्हणाल्या. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून अक्षदाने मनावर घेतलं. तिची मानसी तेव्हा झोळीत होती. दुपारी ती झोपली की अक्षदा झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि हलकेच झोका देत माझ्यासमोर बसायची. फोनवर ओंकार असायचा. दोघांनी ठरवलं, हे काम आता माझ्यावर ठेवायचं नाही, सर्व्हरलेस करायचं.

सर्व्हरलेस म्हणजे काय, हे अक्षदाने बनुबाईंना सांगितलं ते मीही ऐकलं. आपल्या देवळात गावजेवणाचे मोठे टोप आहेत ना, आजी? आपण कुणी ते घरी ठेवत नाही. लग्न निघालं की आणायचे, वापरायचे, घासून परत द्यायचे. तसंच हे. मोठ्या कंपन्यांनी हजारो संगणक मांडून ठेवलेत. आपलं काम तिथे निजून राहणार. कुणी विचारलं की उठणार, उत्तर देणार आणि पुन्हा निजणार. शंभर जणांनी एकदम विचारलं तर शंभर टोप चुलीवर चढतील.

“म्हंजी आता हा डबा नको?” बनुबाईंनी माझ्याकडे बोट केलं. अक्षदाने झोळीला आणखी एक झोका दिला. मलाही उत्तराची घाई नव्हती.

मग भाषा कुठली घ्यायची, यावर दीर-भावजयीचं जुंपलं. ओंकारचं म्हणणं, जावा.

“आमच्या ऑफिसात सगळं जावात आहे, वहिनी. एकदम भक्कम. तुमचं पायथन म्हणजे हलकंफुलकं काम.”

“भावजी, तुमचं ऑफिस वर्षभर जागं असतं. आपलं काम वर्षभर झोपतं आणि शिमग्याला उठतं. हाक मारली की पटकन डोळे उघडणारं पोर हवंय मला.”

वाद नको म्हणून दोघांनी तेच छोटं काम तीन भाषांत लिहून पाहिलं. जावा एकदा उठली की पाणी भरायला, लाकडं फोडायला पहिली, पण झोपेतून उठताना बराच वेळ आळस देत होती. त्यावर उपाय आहेत, असं ओंकार म्हणाला आणि ते खरंही होतं. पण ते उपायही कुणीतरी सांभाळायला हवेत. जावास्क्रिप्ट चटकन उठली. पायथनही चटकन उठली. आता या दोघींतली कुठली? तेवढ्यात मानसी जागी झाली, अक्षदाने तिला मांडीवर घेतलं, आणि ती भोकाड पसरून रडत असताना पडद्यावरची एक चूक अक्षदाला दिसली. तिने एका हाताने ती दुरुस्त केली.

“ठरलं,” ती म्हणाली. “पोर रडत असताना जी मला वाचता येते, ती भाषा.”

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? ती भाषा तिने माझ्यासमोर शिकली होती.

राहिला प्रश्न देवळाचा, म्हणजे टोप कुणाचे आणायचे याचा. ॲमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट, तिघांकडेही अशी सोय आहे. तिघांचीही यंत्रं मुंबई-पुण्याकडे आहेत, तेव्हा लांबचं-जवळचं असं काही नव्हतं. ओंकारने कुठल्याकडे काय जास्त आहे याचं पुराण लावलं. अक्षदाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, शिमग्यात गाठ बसली, आणि मी ओटी भरत असले, तर कुठली गाठ तुम्हाला सोडवता येईल? ओंकार रोज लॅम्बडावर, म्हणजे ॲमेझॉनच्या याच सोयीवर काम करायचा. मग तेच घेतलं.

तरी तिने एक शहाणपण केलं. घरांचा क्रम, कुणाआधी किती घरं बाकी, हा कामाचा गाभा तिने वेगळा लिहिला, आणि त्या कंपनीशी बोलणारा भाग वेगळा. उद्या जागा बदलायची वेळ आली तर गाभा तसाच उचलून नेता येईल. एकदा टेम्पोतून संसार हलवलेली बाई ती. सामान कसं बांधावं, हे तिला सांगावं लागत नाही.

सगळं तिकडे गेलं. माझ्याकडचा प्रोग्राम तिने थांबवला तेव्हा तिचा तळवा माझ्या पत्र्यावर होता.

शिमगा जवळ आला तशा बनुबाई एकदा दारात येऊन बसल्या. बराच वेळ मानसीशी खेळल्या. मग हळूच म्हणाल्या, “अक्षदा गो, तो नवा तरी मला वाटंवर नाय ना उभी करणार?”

ओंकार असता तर म्हणाला असता, तो कधी बंदच पडत नाही. अक्षदा मात्र विचारात पडली. बंद तर मी पडलो होतो, पण बनुबाईंना चकवलं ते माझ्या शेवटच्या उत्तराने. शिळं होतं आणि ताजं दिसत होतं. आणि मधल्या वाडीतून वर येताना जो ओढा लागतो, तिथे फोनला रेंज नसते. पालखी त्या ओढ्यात असताना ओंकार काही कळवूच शकणार नाही. मग जगातला सगळ्यात मोठा टोप आणला तरी त्यात शिळंच वाढलं जाणार. दुसऱ्या दिवशी दुपारी झोळीची दोरी अंगठ्यात अडकवून तिने आणखी चार ओळी लिहिल्या.

शिमग्याचा दिवस उजाडला. वाडीची वीज गेली, आणि कुणाला कळलंही नाही. मी खिडकीशी बंद बसून होतो. मुंबईकर विचारत होते, उत्तरं जात होती. पालखी मधल्या वाडीतून निघाली आणि ओढ्यात शिरली. ओंकारचा फोन मुका झाला. तेव्हा रितेश पोलादपूरच्या स्टँडवर टपरीसमोर उभा होता. बायको म्हणत होती, पोरीला दूध पाजून निघू. त्याने विचारलं, पालखी कुठवर आली? उत्तर आलं. शेवटची खबर मधल्या वाडीची. खबर जुनी झाली आहे. आता ढोल ऐका.

पोलादपुरात कुठला ढोल ऐकू येणार! त्याने आईला फोन लावला. बनुबाईंनी फोन दाराबाहेर धरला, स्वतःही कान दिला, आणि म्हणाल्या, “ओढ्यातून वर आली रे. पोरीला घेऊन अस्साच नीघ. मी दार सोडत नाय.”

ढोल मलाही ऐकू आला, मित्रांनो. आधीच्या शिमग्यांत माझ्याच पंख्याच्या घरघरीत मला तो ऐकूच आला नव्हता, आणि गेल्या वर्षी गप्प पडलो तेव्हा त्याच्याकडे कान द्यायचं मलाही सुचलं नव्हतं.

पालखी आमच्या अंगणात आली, नाचली. ती निघण्याआधी अक्षदाने देवीची ओटी जरा सावकाशच भरली, एवढं मी खिडकीतून पाहिलं. तेवढ्यात खाली रस्त्यावर जीप येऊन थांबली. रितेश धावत चढला, कडेवर पोर. बनुबाई उंबऱ्यातून हलल्या नव्हत्या. त्यांनी नातीला घेतलं, पालखी त्यांच्या दारात आली, भोयांनी ती उंच उचलली, आणि त्या वाकून खालून निघाल्या. पोरगी ढोलाला घाबरून जी काही किंचाळली! बनुबाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. मुठीत गुलाल होता. थोडा मानसीच्या गालाला लावला आणि उरलेला माझ्या पत्र्याला.

“हा डबा असू दे गो घरात,” त्या अक्षदाला म्हणाल्या. “त्यानंच तर तुला शिकवलं.”

तेव्हा मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर विचारा, पण आमची खबर किती जुनी आहे तेही विचारा, आणि एक कान दाराबाहेर ठेवा. आणि जे जुनं झालं, त्याची धूळ अधूनमधून पुसा. फार काही मागत नाही आम्ही.

मानसी आता उभी राहायला लागली आहे. माझा आधार घेऊन उठते, एका हाताने टोपडं खाली ओढते आणि दुसऱ्या हाताने माझ्या पत्र्याच्या पोटावर थाप मारते. अक्षदा आतून विचारते, पालखी कुठवर आली गो? आणि ती आणखी जोरात वाजवते.