सोळाव्या दिवशीचं पत्र

आमच्या घरात सुनेची पाळी कधी आली हे सगळ्यांना कळतं. त्यात लपवण्यासारखं काही राहतच नाही. मागच्या पडवीत गोणपाट पसरलेलं दिसतं, शेजारी वेगळा तांब्या असतो, आणि चार दिवस माझी बायको सोनूबाई एकटीच चुलीपुढे बसते. मी मात्र त्या बाजूला बघत नसे. चौतीस वर्षं वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम केल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, बघायला हवं तिथे न बघण्याची सवय मला लागली होती.

आमची सून कमळा दिवाळीनंतर मुंबईहून आमच्याकडे राहायला आली. दोन वर्षं ती आणि आमचा बाबल्या लालबागला चुलत्याच्या खोलीत सहा माणसांत राहत होती. आता होळीपर्यंत त्याला स्वतःची खोली मिळणार होती, तोपर्यंत तिला इथे ठेवायचं ठरलं होतं. तिला पोचवून तो त्याच रात्रीच्या गाडीने परत गेला. चौथ्या दिवशी ती बाहेर बसली. त्यानंतर डिसेंबर गेला, संक्रांत झाली, तरी पडवीतलं गोणपाट गुंडाळलेलंच होतं.

"अवो, दोन महिने झाले," सोनूबाई म्हणाली. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ती बाहेर बसलीच न्हाय. आनि तुमचा मुलगा हाय मुंबयला."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही, पण त्यातलं एक अक्षरही मला दिसेना.

"तब्येत असेल काही."

"तब्येत! त्या केरूला शहाळं द्यायला हिचाच हात लागतो. आनि रोज पहाटे अंथरुणातच तोंडात काचेची नळी धरून बसते. ताप न्हाय, खोकला न्हाय. कसलं औषध करते गो बया ही?"

केरू आमच्या माडांवर चढणारा पाडेली. पन्नाशीचा, एका डोळ्याने अधू. मी मनात हसलो. पण संशयाचं असं असतं की आपण हसतो तेव्हाच तो आत येऊन बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी केरू आला तेव्हा कमळा त्याला पाणी देताना किती वेळ उभी राहिली, हे मी मोजलं. मला माझीच लाज वाटली, तरी मोजलं.

मग तिची वही पाहिली. ती विहिरीवर गेली होती. तिच्या उशीखाली चाळीस पानी वही होती, आणि तीत तारखा आणि आकडे. ९७.४, ९७.३, ९७.५. माझ्या डोक्यात आले ते पुस्तकांचे क्रमांक. आमच्याकडे पुस्तकांच्या पाठीवर असेच आकडे असत. मी त्या क्रमांकांची पुस्तकं आठवू लागलो, इतका मी मूर्ख. नवव्या पानावर एका तारखेला फुली होती आणि पुढचे आकडे अठ्ठ्याण्णवचे. भेटीची खूण? मला दुसरं काही सुचेना.

त्याच संध्याकाळी सोनूबाईने कागद पुढे ठेवला. "लिवा बाबल्याला. म्हनावं, ये नि बायकोचं काय ता बघ."

घरातली पत्रं मीच लिहितो. हेही लिहिलं. "तू गेल्यावर ती एकदाच बाहेर बसली, पुढचं तू समज," एवढंच. मी पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि अंगणात आलो, तर कमळा समोर उभी होती.

"आप्पा, माझी वही कुणी उघडली?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी मान खाली घातली.

"मग आता सगळं ऐका," ती म्हणाली. "लालबागला पोर झालं असतं तर ठेवायचं कुठे? मी गोळ्या घेत होते. ह्यांना ठाऊक होतं. इथे यायच्या आधी बंद केल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या थांबल्या की अंग लगेच पहिल्यासारखं होत नाही, पाळी दोन-तीन महिने लांबते. रोज उठायच्या आधी थर्मामीटरचा पारा बघायचा नि लिहायचा. तो चढला की समजायचं, अंग चालू लागलं. चढल्यावर चौदा दिवसांच्या आसपास पाळी येणार."

"ती फुली..."

"त्या दिवशी पारा चढला. आज दहावा दिवस."

"आणि आली नाही तर?"

"पारा वरच राहिला नि पाळी आली नाही, तर दिवस गेलेत असं समजतात. मग तुम्हाला वाटतंय तेच."

"सोनूला हे सांग."

"कसं सांगू? नातवासाठी गणपतीपुळ्याला नवस बोलल्यात त्या. दोन वर्षं प्रत्येक चतुर्थी कडक केली. नि मी तिकडे गोळ्या खात होते, हे सांगू?"

मी पत्र टाकलं नाही. सोनूबाईला मात्र "टाकलं" म्हणालो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रोज सकाळी कमळा वही उघडून माझ्यापुढे ठेवायची, आणि सोनूबाई गोठ्यातून यायच्या आत मिटायची. अकरावा, ९८.३. बारावा, ९८.४. तेरावा, चौदावा. पारा उतरेना. "उत्तर आलं काय?" सोनूबाई विचारी. पंधराव्या दिवशी ९८.४. कमळाचा चेहरा उतरलेला मला दिसला, आणि मी त्याचा अर्थ माझ्या संशयाला सोयीचा लावला. आकडे तिचेच, वही तिचीच; काहीही लिहिता येतं. केरू तर त्या आठवड्यात दोनदा आला होता.

सोळाव्या दिवशी ती उठायच्या आधीच मी गावात गेलो. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं. आवाज झाला तेव्हा मला हलकं वाटलं, हे लपवून काय उपयोग?

परतलो तर मागच्या पडवीत गोणपाट पसरलेलं होतं. सोनूबाई लांबूनच भाताची थाळी सरकवत होती.

"कवा?" तिने सुनेला विचारलं.

"पहाटे."

सोनूबाई माझ्याकडे वळली. "अवो, ता पत्र पोचलं असेल तर..."

"आजच टाकलं. मघाशी."

"सहा दिवस माझ्याशी खोटं बोललात, नि नेमकं आज खरं केलात?"

कमळाने थाळीला हात लावला नाही. "आप्पा, मी आसपास म्हटलं होतं," एवढंच ती म्हणाली.

मी तसाच परत पोस्टात गेलो. पेटी उघडून डाक गेली होती. तारेच्या खिडकीपाशी उभा राहिलो आणि आधी लिहिलं, पत्र न वाचता फाड. मग ते खोडलं. असं सांगितलं तर कुठला माणूस फाडील? दुसरा फॉर्म घेतला. चार वेळा लिहून खिडकीत सरकवला.

कारकून तरुण होता. त्याने खडखडीत आवाजात वाचलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कमळा निर्दोष. पत्रातला संशय माझा. माफ कर. आप्पा." मग चष्म्यावरून बघून म्हणाला, "आजोबा, 'माझा' काढला तरी चालेल. 'संशय खोटा' म्हणा, छान बसतं."

"नको," मी म्हणालो. "ते राहू दे."

"काय म्हणालात? मोठ्याने बोला."

मागे पाच-सहा माणसं होती. दोघं वाचनालयातले जुने वाचक होते.

"माझा," मी मोठ्याने म्हणालो. "संशय माझा. तसंच पाठवा."