मिर्सिनीचा उपास

माझी मुलगी मोठी धार्मिक निघाली, ही बातमी मला माझ्याच पार्लरमध्ये कळली. पोलिक्सेनीबाईंचे केस रंगवत होते. आरशातून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, की हल्लीच्या पोरांत असं बघायला मिळत नाही हो; पंधरा वर्षांची मुलगी, आणि ईस्टरच्या आधीचा, मांस-अंडी-दूध वर्ज्य असलेला सात आठवड्यांचा उपास धरते, तोही इतका कडक की बुधवार-शुक्रवार तेलाचा थेंब नाही. माझ्या सासूबाईंनी म्हणे चर्चच्या पायरीवर सगळ्यांना सांगितलं, पाद्रीबाबांनासुद्धा. मी 'हो का' म्हणाले आणि ब्रश वाटीत बुडवला. ही कुणाच्या मुलीबद्दल बोलतेय, हे कळायलाच मला दोन मिनिटं लागली.

मिर्सिनी जेवत नव्हती हे खरं होतं. पण ती जेवत नव्हती गोळीमुळे.

लहानपणापासून या पोरीचं लक्ष एका जागी ठरलं नाही. दप्तर बसमध्ये राहायचं, नळ चालू राहायचा आणि खाली आजीच्या छतातून पाणी गळायचं, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून ती अंगणात पळालेली असायची. अँड्रॉससारख्या छोट्या ग्रीक बेटावर माणसाला एकदा नाव पडलं की पडलं. 'इसिदोरॉसची ती वेंधळी' म्हटलं की बंदरावरचा कुणीही आमच्या दाराशी आणून सोडेल. इसिदोरॉस म्हणजे माझा नवरा. तो जहाजावर इंजिन सांभाळतो आणि वर्षातले आठ महिने फोनमध्ये राहतो. अथेन्सच्या डॉक्टरीणबाईंनी या वेंधळेपणाला आजाराचं नाव दिलं आणि रोज सकाळी घ्यायची गोळी दिली. दुसऱ्याच आठवड्यात मिर्सिनी शाळेतून थेट पार्लरमध्ये आली आणि म्हणाली, "आई, मी इतिहासाचा धडा शेवटपर्यंत वाचला. मधे उठलेच नाही." मी गिऱ्हाईक तसंच सोडून मागच्या खोलीत जाऊन रडले. उपासाची बातमी कळली तेव्हा त्याला पाच महिने झाले होते.

गोळीने दिलं तसं घेतलंही. दुपारची भूक गेली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गोळीचा जोर उतरला की घरात दारं आपटायला लागायची. काय विचारलं तरी अंगावर यायची, आणि अर्ध्या तासाने स्वतःच रडत माफी मागायची. झोप एकच्या आत नाही. डॉक्टरीणबाईंनी तोडगे सांगितले होते आणि ते सगळे माझ्याच माथी आले. सहाला उठून गोळीच्या आधी पोटभर नाश्ता: दोन अंडी, चीज, मध घातलेलं दाटसर दही. दुपारी जाईल तेवढं. रात्री आठनंतर भूक परत येते, तेव्हा खरं जेवण. दहा तास उभं राहून लोकांची डोकी धुतल्यावर रात्री मी मीटबॉल तळत असायचे. तरी पाच महिन्यांत एक्कावन्न किलोची पोर सेहेचाळीसवर आली. पंचेचाळीसच्या खाली गेली तर गोळी बंद, असं डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या तोंडावर सांगितलं होतं. जूनमध्ये परीक्षा. मिर्सिनीला गोळी हवी होती, मला मिर्सिनी हवी होती.

सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. झाबेताआजी आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहतात आणि मिर्सिनी दुपारी शाळेतून आली की त्यांच्याकडेच जेवते. त्यांच्या मामाला तरुणपणी डोक्याचं औषध सुरू झालं आणि तो पुढे इस्पितळातून परत आलाच नाही; तेव्हापासून डोक्याची गोळी म्हटलं की त्या छातीवर क्रूस काढतात. म्हणून आम्ही सांगितलं, ही रक्तवाढीची गोळी आहे. थापच मारायची तर जरा बरी मारायला हवी होती. रक्त वाढतंय आणि पोर वाळतेय, हे कुणालाही दिसलं असतं.

पण आजींना दिसलं ते भलतंच. उपास लागला त्या सोमवारी त्यांनी घेवड्याचं सूप केलं. मिर्सिनीने वाटी बाजूला सरकवली, चार ऑलिव्ह आणि पावाचा तुकडा खाल्ला. "उपास धरलास की काय, बाय माझी?" आजींनी विचारलं. जेवणावरून कटकट नको म्हणून ती हो म्हणाली. आजींनी तिचा मुका घेतला आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या बेटाला कळवलं.

पोलिक्सेनीबाईंकडून कळलं त्या रात्री हे सगळं मी मिर्सिनीकडून वदवून घेतलं. खरं म्हणजे तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. पण मी दमले होते, आणि खोटं कशाला बोला, मला ते सोयीचंही वाटलं. गोळी खाते म्हणून कुजबुज होण्यापेक्षा उपास धरते म्हणून कौतुक झालेलं काय वाईट? सकाळी अंड्यांऐवजी मध-पाव खाल्ला तरी रात्री ती वर येऊन जेवतेच आहे, असा मी हिशोब केला. गिऱ्हाइकं अभिनंदन करायला लागली तेव्हा मी मान डोलावली. नाभिकाच्या धंद्यात मान डोलवायची सवय असतेच.

मिर्सिनी जेवायला मात्र आता खोलीत ताट घेऊन जायची. अभ्यास आहे म्हणायची, आणि रिकामं ताट परत आणायची.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात पार्लरमध्ये उसंत नसते. अख्ख्या बेटाला शनिवारच्या आत केस करून हवे असतात. बुधवारी सकाळी मी कचरा टाकायला घरामागच्या अंगणात गेले, तर भिंतीवर सात मांजरं ओळीने बसलेली. इतकी गुबगुबीत मांजरं मी आयुष्यात पाहिली नव्हती. एकाच्या तोंडात माझ्या हातचा मीटबॉल होता. वर मिर्सिनीची खिडकी.

तिला वजनकाट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस किलो तीनशे ग्रॅम. मी ओरडले, जे काही तोंडाला येईल ते ओरडले. रोज तळते ते मांजरांसाठी का, असंही म्हणाले. ती काट्यावरून उतरली. मग म्हणाली, "परवा पाद्रीबाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि 'गुणाची पोर' म्हणाले. सगळ्यांसमोर. मला कुणी असं कधी म्हणालंच नव्हतं, आई."

मी काटा उचलून कपाटात ठेवला आणि पार्लर उघडायला गेले.

डॉक्टरीणबाईंना अजून कळवलं नव्हतं, गुरुवारी सकाळची गोळीही दिलीच होती. दुपारी पार्लर दोन तास बंद करून मी सासूबाईंकडे गेले. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घरोघरी अंडी लाल रंगवतात आणि रविवारपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्यांनी तीस अंडी रंगवून टेबलावर मांडली होती आणि कापसाने तेल लावून एकेक चमकवत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गोळी कसली आहे, भूक का जाते, वजन किती झालंय, थाप कुणी मारली. मामाचं नाव निघायच्या आत हेही सांगितलं, की ही पोर वेडी नाही, तिला नुसतं एका जागी टिकायला मदत लागते.

त्यांनी हातातलं अंडं रांगेत ठेवलं. मग म्हणाल्या, "औषध घेणाऱ्याला उपास नसतोच. हे कोणत्याही पाद्रीने सांगितलं असतं, सूनबाई. मला सांगायचंस तरी."

"तुम्ही घाबरला असता, आई."

"घाबरले असते. मग? घाबरून मेले नसते." त्यांचे डोळे भरून आले होते. "इतके महिने पोर माझ्यासमोर उपाशी, आणि मी तिचे मुके घेतेय."

मिर्सिनी दारात उभी होती. शाळेला सुट्टी लागलेली. ती केव्हा खाली आली ते आम्हाला कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मला वाटलं आता दार आपटणार, पण ती आत येऊन खुर्चीवर बसली.

"दुपारचा उपास गोळीचा होता, आजी," ती म्हणाली. "रात्रीचा माझा होता. रात्री मला भूक लागायची. खूप लागायची. ताट समोर असायचं, आणि मी नाही खायचे."

मी खाली बसले. जी पोर दहा मिनिटं एका खुर्चीत बसत नव्हती, तिने कित्येक रात्री ताटासमोर बसून भूक मारली होती. औषधाचा जोर उतरल्यावर, सगळं अंग चिडलेलं असताना. तिला रागावू की काय करू, मला समजेना. फार थकवा आला होता, आणि तिचा अभिमानही वाटत होता, आणि त्या अभिमानाचीच भीती वाटत होती.

आजींनी एक लाल अंडं उचललं, टेबलाच्या कडेवर फोडलं आणि सोलायला लागल्या. शहात्तर वर्षांत त्यांनी या गुरुवारी अंडं फोडलं नसेल. त्यांची बोटं लाल झाली. सोललेलं अंडं मीठ लावून त्यांनी बशीत तिच्यापुढे ठेवलं.

मिर्सिनी बशीकडे बघत राहिली.

"मी खाल्लं, तर मग माझ्याबद्दल काय सांगशील सगळ्यांना?"

बोटांचा रंग आजींनी पदराएवढ्या मोठ्या एप्रनला पुसला.

"सांगेन," त्या म्हणाल्या, "की माझी नात जेवली."

मिर्सिनीने अंड्याचा एक घास घेतला. गोळीचा जोर अजून उतरला नव्हता, तिला गिळवत नव्हतं. आम्ही दोघी उरलेली अंडी चमकवत बसलो. अर्धं अंडं संपायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ ती खुर्चीवरून उठली नाही.