वाचनखोलीतली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. मला शोधायला नदीवर जाल तर फसाल. मी वाचनालयात राहते, मुलांच्या खोलीत, साहसकथांच्या कपाटाशेजारी. आणि खरे सांगायचे तर आता मी पुरती होडीही उरलेले नाही. ते कसे झाले, तेच तुम्हाला सांगते.

नदीकाठच्या एका सुताराने मला घडवले. माझ्या फळ्या वाफेवर वाकवल्या, फटी बुजवल्या, तळाला डांबर फासले आणि मला एका तरुण नावाडणीच्या हवाली केले. "बाईमाणूस होडी काय हाकणार!" असे काही जण कुजबुजले. तिने सरळ वल्हे उचलले. कुजबुजणारे मुकाट्याने येऊन बसले. त्यांनाही पलीकडे जायचे होतेच ना!

आम्ही दोघींनी भाजी नेली, दूध नेले, टपाल नेले, शाळेची मुले नेली. एकदा तर नटलेली नवरी आणि रुसलेली बकरी एकाच फेरीत नेली. "काय होडी आहे! पोटातलं पाणी हलत नाही," असे लोक म्हणत, तेव्हा मी फुलून जात असे.

मग नदीवर पूल झाला. पुलाचा मला राग नाही. लोकांची सोय झाली. पण मला काठावर पालथे घातले गेले आणि हळूहळू सगळे विसरले. उन्हाने माझा रंग उडाला, ओल आत मुरली. एक कोंबडी माझ्याखाली अंडी घालू लागली, तेवढीच काय ती सोबत. नावाडणीचे केस पिकले. सगळे तिला आजी म्हणू लागले. येताजाता ती माझ्या पाठीवर हात ठेवायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

एके दिवशी वाचनालयातल्या ताई तिच्याकडे आल्या.

"आजी, होडी द्याल का आम्हाला?"

"कशाला? सरपणाला?"

"छे हो! मुलांना वाचायला बसायला."

आजी हसली. "होडीत बसून वाचतात होय? पावसाळ्यात आमच्या होडीत बसून लोक उलट्या करायचे. न्या बापडी!"

अशी मी पुस्तकांत आले. दर शनिवारी मुले माझ्यात दाटीवाटीने बसत आणि ताई एक जुनी, जाडजूड साहसकथा वाचून दाखवत. वादळात बोट फुटलेल्या दोन भावंडांची ती गोष्ट होती. ताईंचा एक नियम होता, पान उलटण्याआधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, पुढे काय होईल? मुले बेटाचा नकाशा काढत. नांगर, शीड, सुकाणू असे नवे शब्द कागदी माशांवर लिहून माझ्या काठाला टांगत. खरे तर मी कधी समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्या माशांमुळे मलाही तो पाहिल्यासारखे वाटे.

त्या मुलांत एक मुलगी होती. ती अडखळत वाचायची, म्हणून मुले तिला गोगलगाय म्हणत. तिची पाळी आली की तिला नेमकी तहान लागायची.

एका शनिवारी आजी मला भेटायला आली आणि गोष्ट ऐकत बसली. गोष्टीतली बहीण दोराला धरून कड्याखालच्या गुहेत उतरत होती. दोर दगडाला घासून झिजू लागला आणि ताईंनी पुस्तक मिटले. "आता पुढच्या शनिवारी!"

आजीला कुठला दम निघतोय! दुसऱ्याच दिवशी दुपारी ती हजर झाली. ताई कामात होत्या. खोलीत एकटी गोगलगाय आईची वाट बघत बसली होती.

"ए पोरी, तुला वाचता येतं ना?"

"येतं. पण मी फार हळू वाचते."

"अगं, तिकडे दोर तुटतोय आणि तू हळू नि जोरात काय करतेस? वाच!"

मुलगी वाचू लागली. एकेका शब्दाशी थांबायची. आजीला वाटले, गोष्ट रंगवण्यासाठीच थांबते आहे. माझी कड घट्ट धरून ती म्हणायची, "हं... मग?" एखादा शब्द मुळीच लागला नाही, तर मुलगी मागचे वाक्य पुन्हा वाचायची आणि दोघी मिळून अंदाज करायच्या. त्या दिवशी बहीण सुखरूप खाली उतरली. त्यानंतर दोघींचे रोजचेच ठरले.

मित्रांनो, हे सुखाचे दिवस चालू असताना मला आतून वाळवी लागली होती. काठावर मुरलेल्या ओलीचे ते देणे होते. एका सकाळी ताईंना माझ्या बुडाशी मातीच्या बारीक रेघा दिसल्या. त्यांनी एका सुताराला बोलावले. त्याने मागच्या फळीत पेचकस खुपसला, तो लोण्यात जावा तसा आत गेला.

"बाहेर काढा हिला," तो म्हणाला. "आज होडी, उद्या कपाटं."

मला अंगणात नेले. मुले गोळा झाली, आजीही आली. गोगलगायीने पुस्तक छातीशी धरले होते. माझ्यासाठी पुस्तके धोक्यात घालायची नाहीत, हे मलाही पटत होते. तरी जीव तुटत होता.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, होडी तुमची. तुम्हीच सांगा."

आजीने मला टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहिले. मागे आवाज पोकळ येत होता, पुढे भरीव. "सडकं तेवढं कापा," ती म्हणाली. "पुढचं टोक धड आहे. औषध मारून तेवढं ठेवा."

सुताराने करवत लावली. पहिल्याच खरखरीला आजीने डोळे मिटले आणि ती गोगलगायीचा हात धरून पायरीवर बसली. "तू वाच गं. मोठ्यानं वाच. करवत मला ऐकू येता कामा नये."

मुलीने पुस्तक उघडले. भावंडे तराफा घेऊन समुद्रात शिरत होती. ती अडखळली, थांबली, पुन्हा वाचू लागली, पहिल्यापेक्षा मोठ्याने. करवतीचा आवाज चढला, तसा तिचाही चढला. एकेक करून मुले तिच्याभोवती येऊन बसली. कोणी हसले नाही. एक जण म्हणाला, "थांबू नकोस ना, लाट आली का?" ती नीट श्वास घेऊन म्हणाली, "सांगते. आधी अंदाज करा." मला करवतही ऐकू येत होती आणि गोष्टही. दुखत होते ते गोष्टीमुळे सोसवले.

आता माझे फक्त पुढचे निमुळते टोक उरले आहे. त्यात दाटीवाटी होत नाही. एक वाचणारा आणि एक ऐकणारा, एवढीच जागा. आजी अजून येते. ताईंनी तिला अक्षरे शिकवायची म्हटले, तर म्हणाली, "मला कशाला? माझी वाचणारी आहे की!"

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. जुन्या वस्तू आणि पुस्तके ओलीत टाकू नका. अधूनमधून कपाटामागे डोकावत जा. वाळवी आवाज करत नाही. आणि कोणी अडखळत वाचत असेल, तर घाईने शब्द पुरवू नका. जरा थांबा. त्याचे त्याला सापडू द्या.