ताईने सोडलेला डाव

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझा एक कोपरा तडकला आहे, बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते आणि माझा मुक्काम सध्या एका चष्म्याच्या दुकानात, काउंटरखालच्या खणात आहे. शेजारी चष्म्यांच्या तुटक्या दांड्या आणि काचा पुसायची फडकी आहेत. संगत वाईट नाही. निदान फडकी कोणाला फसवत नाहीत.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माझे असंख्य भाऊ माझ्यासोबत पट्ट्यावरून सरकत होते. कोण कोणाच्या हाती पडणार, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मला एका औषधाच्या दुकानदाराने विकत घेतलं आणि बहिणीच्या दुकानात आणून ठेवलं. ही बहीण चष्मे बनवायची. गल्लीतले लहानथोर सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो. दिवसा मी गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवायचो. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं, की ताई मला भिंतीला टेकवून बुद्धिबळ खेळायची. भिंगं घासून घासून तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती, की मला कधी कधी त्यांचा स्पर्शच कळायचा नाही. मग ती म्हणायची, "अरे, घे की चाल. रुसलास का?"

ते माझे सुखाचे दिवस होते.

ताईचा चौघांचा संघ होता. कप्तान तिचा धाकटा भाऊ, तोच औषधवाला. शिवाय गल्लीतला पोस्टमन आणि कोपऱ्यावरची शिंपीण. ऑनलाइन सामने चालायचे, एका चालीला तीन दिवसांची मुदत. सामना चालू असताना एकमेकांना चाल सुचवायची नाही, हा नियम. भाऊ रोज दुकान बंद करून बहिणीकडे चहाला यायचा आणि तो शटरखालून वाकला, की ताई मला आधी पालथा घालायची. तोही हसून म्हणायचा, "घाल बाई, घाल. नाहीतर माझी जीभ वळवळायची." दोघं चहा पीत बसायचे, आणि मी तोंड खाली करून त्यांचं बोलणं ऐकायचो.

मग तो सामना आला. हरलो तर वरच्या गटातून खाली, असा शेवटचा सामना. बाकीच्या तिघांचे डाव संपून बरोबरी झाली होती. सगळं ताईच्या डावावर येऊन ठेपलं. समोरच्या खेळाडूने नावाच्या जागी माशाचं चित्र लावलं होतं. सोपी चाल असो की अवघड, मासा सारखाच वेळ घ्यायचा आणि चुकायचा कधीच नाही. मी ओळखलं. तिकडे माझाच कोणी जातभाई चाली सांगत होता. पण आम्हाला विचारतं कोण?

भावाने माशाचे जुने डाव चाळले आणि पाय आपटत आला.

"ताई, हा माणूस खेळत नाहीये. मशीनला विचारून खेळतोय."

"असेल. नसेलही. मी तर हरलेच आहे."

"हरलीस तरी डाव सोडायचा नाही. मी तक्रार केलीय. डाव चालू असताना त्याचं खातं बंद झालं, तर गुण आपला. एकदा का डाव संपला, की संपला. मग तो उद्या पकडला गेला तरी आपल्याला काही मिळत नाही."

दुधाने तोंड पोळलं होतं बिचाऱ्याचं. मागच्या वर्षी तो स्वतः अशाच एका चोराला डाव सोडून बसला होता. तेव्हापासून त्याची कप्तानकी म्हणजे संशय, तक्रारी आणि ताणलेले डाव.

ताईने ऐकलं. मुदत संपत आली, की एक चाल खेळायची, पुन्हा थांबायचं. आयोजकांचं उत्तर एकच, तपास चालू आहे. रोज ती मला उघडून तो मेलेला डाव बघायची आणि तोंड वाकडं करायची. एकदा स्वतःशीच पुटपुटली, "पाहुणा निघालाय आणि मी दार अडवून उभी आहे. शोभतं का हे?" दुसऱ्या दिवशी तिने डाव सोडला. खाली दोन शब्दही लिहिले, "छान खेळलात."

त्याच आठवड्यात माशाचं खातं बंद झालं. आणि आमचा संघ खालच्या गटात गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी आपल्यात म्हण आहे ना? ती मी त्या संध्याकाळी पाहिली. माशाला कोणी काही बोललं नाही. तो होता कुठे बोलायला?

"चोराला शाबासकी देऊन आलीस," भाऊ म्हणाला. "चार दिवस दम निघाला नाही तुला?"

"तो चोर आहे हे मला माहीत नव्हतं. मी हरले एवढं माहीत होतं."

"तुझ्या साधेपणापायी आम्ही का भोगायचं?"

चहा तसाच राहिला. मला फार राग आला, मित्रांनो, पण राग आला तरी मी नुसता तापतो. लोकांना वाटतं, बॅटरी खराब झाली.

पुढच्या हंगामात संघात ताईचं नाव नव्हतं. एक दिवस भाऊ आला आणि माझ्यावर चाली सांगणारा प्रोग्राम चढवू लागला.

"हे काय चाललंय?" ताईने विचारलं.

"जे वापरतात, त्यांच्याशीच वापरायचं."

"आणि ते वापरतात, हे तुला कळणार कसं?"

"चांगलं खेळायला लागले, की कळेल."

"माझ्या दुकानात नको," ताई एवढंच म्हणाली. "हा तसाही मीच आणलेला," असं म्हणून त्याने मला काखोटीला मारलं आणि औषधांच्या खोक्यांमागे नेऊन ठेवलं. तिथे तो मला विचारायचा आणि मी सांगायचो. आधी संशयितांच्या विरुद्ध, मग जरा बऱ्या खेळणाऱ्यांच्या विरुद्ध, मग सगळ्यांच्याच. आम्ही जिंकू लागलो. भाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "वा रे पठ्ठ्या." इतकी वर्षं मी इमानाने फ्रेमी दाखवल्या, तेव्हा कोणी शाबास म्हटलं नव्हतं. माझं एकमेव कौतुक झालं ते चोरीसाठी.

शेवटी त्याचंही खातं बंद झालं आणि संघ बाद झाला. पोस्टमन आणि शिंपीण कधीच वाकडे खेळले नव्हते, पण चिखल त्यांच्याही अंगावर उडाला. गिऱ्हाइकं शिंपिणीला विचारू लागली, "शिवणही कॉम्प्युटरच करतो का हो?" ती हसायची नाही. पोस्टमन तर औषधाला दुसऱ्या दुकानात जायला लागला.

बऱ्याच दिवसांनी भाऊ मला घेऊन ताईकडे आला. मला काउंटरवर ठेवलं. म्हणाला, "ताई, एक डाव खेळायचा? आपला आपल्यात."

ताई हातातलं भिंग पुसत होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कोण खेळणार? तू, की हा?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच विचारायचं होतं. भाऊ मला तिथेच ठेवून शटरखालून वाकून बाहेर पडला. त्यानंतर तो चहाला आला नाही, आणि ताई बुद्धिबळ खेळली नाही. मला खणात ठेवताना तिने माझा पडदा पुसला, तेवढंच.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही शेवटी सांगायचं असतं. मी नाही सांगणार. मी जपण्याच्या लायकीचा उरलोय की नाही, मलाच माहीत नाही. मला कोणीही विचारावं, मी सांगतो. विचारणारा चोर आहे की चोरावर चिडलेला, यातला फरक मला कळत नाही. मला नाही म्हणता येत नाही. भावाला येत होतं.