पाचपैकी शून्य

"कॉम्प्युटर बंद पडला तर तुमचं काम किती अडतं? पाचपैकी मार्क सांगा," योगिनी मॅडम म्हणाल्या, तशा द्राक्षं निवडणाऱ्या बायकांच्या कात्र्या थांबल्या.

दिंडोरी रोडवरच्या त्या पॅकहाउसमध्ये पेटीवरच्या स्टिकरपासून कोल्डरूमपर्यंत सगळं कॉम्प्युटरवर चालायचं, आणि कॉम्प्युटर चालवायचा सुरगाण्याचा ललित भोये. हे कॉम्प्युटरचं खातं धंद्याला किती गरजेचं, ते मालकाला मोजून हवं होतं, म्हणून मॅडम आल्या होत्या. मार्क कमी पडले तर काम पुण्याच्या कंपनीला आणि ललित घरी. मालकानं हे एकट्या ललितला सांगितलं होतं. शिवाय मोजणी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी तंबी.

मुकादमीण कुसाबाई पुढं झाली. ललितला रोज आपल्या डब्यातली अर्धी भाकरी देणारी बाई. बाहेरचं माणूस विचारत फिरतंय म्हणजे पोराची कुणीतरी चुगली केली, असं तिनं धरलं. पदर खोचून म्हणाली, "शून्य लिवा मॅडम. आमच्या ललितचं मशीन कधी बंद पडतंय? काय नाय अडत."

मग रांगच लागली. शून्य, शून्य, शून्य. कोल्डरूमचा सहादू तर छाती काढून म्हणाला, कॉम्प्युटर नसला तरी आपण नुसत्या अंदाजावर माल थंड ठेवू. मागच्या हंगामात तापमान चढलं, तेव्हा हाच बाबा ललितला जेवणावरून उठवून मोटारसायकलवर घालून घेऊन आला होता. ललितची कानशिलं तापली. एकेकाला धरून गदागदा हलवावं असं वाटलं त्याला. तेवढ्यात कुसाबाईनं त्याला हळूच डोळा मारला. बघ, कसं वाचवलं तुला. त्याच्या वळलेल्या मुठी सुटल्या.

मॅडम बेरीज घेऊन केबिनमध्ये गेल्या. काचेतून दिसलं, मालकानं आकडा बघितला आणि लगेच फोन उचलला.

"झाला ना रं पास?" कुसाबाईनं विचारलं.

"झालो मावशी. पैकीच्या पैकी."

ती खूश होऊन वळते तोच स्टिकरचं मशीन अडलं. पेट्या तुंबल्या, बायका हात बांधून उभ्या राहिल्या, आणि सवयीनं ललितच्या नावाची हाक आली. तो गेला, पण मशीनला हात लावला नाही. त्यानं कुसाबाईला जवळ बोलावलं. झाकण कुठून उघडायचं, रोल कसा सरकवायचा, सगळं दाखवलं.

"मला कशाला शिकवतो? तू हायस की."

ललितनं तिचं द्राक्षाच्या रसानं चिकट झालेलं बोट धरून खटक्यावर ठेवलं. "दाब," तो म्हणाला. "आता परत एकदा. तुझी तू."