सोतो अर्धं पाऊल

बोनीने पाटीखालून आत जायला मान वाकवली आणि तसाच वाकून थांबला. पाटीवर लाल रंगात लिहिलं होतं, 'सोतो अर्धं पाऊल'. सोतो म्हणजे आमच्याकडचा कोंबडीचा रस्सा. खाली कोंबडीचं चित्र होतं. तिचा एक पाय पुढे, एक मागे.

"आत तरी ये, नाहीतर बाजूला हो! उजेड अडतोय माझा," रश्शाच्या पातेल्यामागून लस्त्री ओरडली. मग तिने डोळे बारीक केले. "अगं बाई! अहो, बाहेर या. तुमचा कॅमेरूनचा खांब आलाय!"

सुगेंग आत कोंबडीचं मांस सुटं करत बसला होता. तो हात पुसत आला. त्याने बोनीचा हात दोन्ही हातांत धरला, मग स्वतःच्या छातीला लावला.

"मास बोनी!" मोठ्या भावाला मारावी तशी ही हाक तो पूर्वीही मारायचा. "नऊ वर्षं झाली की! आम्हाला वाटलं, तिकडे म्यानमारमध्येच कुणीतरी पकडून ठेवलं तुला."

"म्यानमार, मग व्हिएतनाम, मग सुमात्रा." बोनी बाकावर बसला. त्याचे गुडघे टेबलाखाली मावेनात. "आता संपलं. गुडघा नाही म्हणतो. रविवारचं विमान आहे. घरी, कायमचा."

अकरा फुटबॉल क्लब झाले होते त्याचे. कुठेही एका वर्षाच्या वर करार नाही. परदेशातून आणलेल्या बचावपटूचं असंच असतं. गोल अडवले तर कुणाच्या लक्षात राहत नाहीत, एक गेला की बॅग भरायची. आमच्या कालीरेजो गावच्या क्लबात तो दोन वर्षं राहिला, हेच त्याच्या हिशेबात खूप. सुगेंग तेव्हा चोवीस वर्षांचा होता. बचावाच्या फळीत बोनीच्या शेजारी उभा राहायचा आणि बोनी सांगेल ते ऐकायचा.

लस्त्रीने वाडगा पुढे ठेवला. बोनीने लिंबू पिळलं, पण चमचा उचलला नाही.

"ती पाटी," तो म्हणाला.

"आवडली?" सुगेंग हसला. "लोक नाहीतरी त्याच नावाने हाका मारायचे. म्हटलं, फुकट जाहिरात होतेय तर होऊ दे."

"ए अर्धं पाऊल!" सायकलरिक्षावाला दार्मो पलीकडच्या टेबलावरून ओरडला. "भात आण अजून. आणि पूर्ण पाऊल टाकत ये रे बाबा, नाहीतर रस्सा गार होतो माझा!"

आम्ही सगळे हसलो. सुगेंगही हसला आणि भात घेऊन गेला. बोनी वाडग्यातल्या लिंबाची बी चमच्याने काढत बसला. बी केव्हाच निघाली होती.

ती मॅच आम्ही जन्मात विसरणार नाही. बरोबरी झाली असती तरी क्लब वरच्या गटात टिकला असता. शेवटचं मिनिट. समोरून लांब पास आला आणि बोनी ओरडला, "बाहेर!" त्या हाकेवर फळीतल्या चौघांनी एकदम पुढे सरकायचं असतं, म्हणजे समोरचा गडी मागे एकटा पडतो आणि ऑफसाइड ठरतो. चौघांतला एक जरी मागे रेंगाळला तरी तो गडी मोकळा. पंचाचं निशाण वर गेलं नाही. गडी सुगेंगच्या अंगावरून पळाला आणि गोल झाला. बोनी ऑफसाइड मागत एक हात वर करून उभा होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही तोच फोटो, हात वर केलेला बोनी. मग मागे कोण राहिलं, हे विचारायचीही गरज उरली नाही. टीव्हीवर ती मॅच नव्हतीच. प्रेक्षकांच्या चौथ्या पायरीवरून आम्ही सुगेंगला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. कपडे बदलायच्या खोलीत कोणी विचारायच्या आत सुगेंगच उठून म्हणाला म्हणे, "माफ करा, माझं अर्धं पाऊल कमी पडलं." पोरगा तसाच आहे. कुणाच्या पायावर पाय पडला तरी ज्याचा पाय दुखला तोच आधी माफी मागेल, अशी आमच्याकडची रीत. पुढच्या वर्षी त्याला कुठल्याच क्लबने घेतलं नाही.

"पाक कार्तो कसे आहेत?" बोनीने विचारलं.

"बाबा गेले. तीन वर्षं झाली." सुगेंगने भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे केळीच्या पानात बांधलेली गुलाबाची आणि चाफ्याची फुलं होती. "सोमवारपासून रोजे. त्याआधी कबरीवर जाऊन यायचं असतं ना. दुकान बंद करून तिकडेच निघणार होतो."

बोनीने मान हलवली. कार्तोंना सगळे आदराने 'पाक', म्हणजे बाबा, म्हणत; ते मैदानावर रेषा मारायचे. फक्कीचा डबा घेऊन पहाटे ओणवे चालायचे, चाळीस वर्षं. बोनी सरावाला लवकर आला की त्याला कॉफी द्यायचे.

सुगेंग त्याच्यासमोर बसला. हात मांडीवर ठेवून जरा अवघडून बसला.

"मास, बरं झालं तू आलास. रोज्यांच्या आधी आम्ही एकमेकांची माफी मागतो, तुला माहीत आहे. मला बाबांच्या वतीने मागायची आहे."

"माझी? कशाबद्दल?"

"ते तुझं नाव घ्यायचे. साऱ्या गावात सांगत फिरायचे, माझ्या पोराचा पाय पुढे होता, मागे तो उंच राहिला. मी रेषेच्या सरळ समोर बसलो होतो, म्हणायचे. चाळीस वर्षं रेषा मारल्या, मला रेषा कळत नाही होय? लोक हसायचे."

"मीच हसायचो सगळ्यांत जास्त," दार्मो म्हणाला.

"शेवटी मी चिडलो. म्हटलं, बाबा, किती हसं करून घ्याल? तुम्हाला आता नीट दिसत नाही. हाताला धरून चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, लांबचं तर उत्तम दिसतंय यांना. तरी मी चष्मा घ्यायला लावला. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मरेपर्यंत तो चष्मा घातला." सुगेंगने हात जोडले. "म्हातारं माणूस होतं. मनात ठेवू नकोस, मास."

बोनीने वाडगा बाजूला सारला. दोन्ही तळवे टेबलावर उलटे टेकले आणि त्यांच्याकडेच बघत राहिला.

"त्यांना बरोबर दिसलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"बाहेर म्हणून मीच ओरडलो. हात वर केला. पण तो गडी फार वेगवान होता, सुगेंग. मी घाबरलो. पाऊल उचललंच नाही. तू पुढे होतास. तुम्ही तिघेही पुढे होता." "तू उठून माफी मागितलीस तेव्हा मी बुटाची नाडी सोडत होतो. त्याच आठवड्यात माझा नवा करार ठरायचा होता. मी सोडतच राहिलो."



"नऊ वर्षं!" लस्त्रीने डाव आपटला. "अरे, एवढ्या देशांत फिरलास, एक फोन करता आला नाही तुला? तो म्हातारा आमच्या ओट्यावर बसून रडायचा रे!"

"नाही केला. रोज ठरवायचो आणि नाही केला."

सुगेंगच्या चेहऱ्यावर राग असता तर आम्हालाही बरं वाटलं असतं. तो बोनीकडे बघतच नव्हता. भिंतीवर खिळ्याला एक जुना चष्मा अडकवलेला होता, तिकडे बघत होता.

"मी त्यांना आंधळं ठरवलं," तो म्हणाला. "माझ्या बापाला."

दार्मो उठला. पैसे द्यायला रोजच्यासारखी हाक मारणार होता, तोंड उघडलंही त्याने. मग म्हणाला, "सुगेंग, किती झाले?" नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून ते नाव ऐकलं. माझ्या तोंडूनही कधी आलं नव्हतं, म्हणून मी वाडग्यात बघत राहिलो.

सुगेंगने अंगावरचं फडकं काढून घडी घातली. चष्मा खिळ्यावरून काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि खिशात ठेवला. फुलांचा पुडा उचलला.

"मी काय करू, सांग," बोनी म्हणाला. "उद्या पेपरवाल्यांना सांगतो. ती पाटी मी स्वतः उतरवतो."

"पेपरचं नंतर बघू. आधी चल."

"कुठे?"

"मला सांगून काय उपयोग? बाबांना सांग. आणि मग मलाही त्यांना सांगायचंय."

बोनी उठला. बाहेर पडताना पाटीला डोकं आपटलं, पण त्याने हात लावून पाहिलंही नाही. कबरस्तानाचा रस्ता उसाच्या कडेने जातो. आम्ही दारात उभं राहून बघत होतो. सुगेंग पुढे, आणि दोन पावलं मागे मान खाली घालून तो एवढा मोठा माणूस.

दुकानाजवळच्या वळणावर सुगेंग थांबला. मागे वळला नाही.

"मागे राहू नकोस," तो म्हणाला. "माझ्या बरोबरीने चाल."